वादांतून घडलेला शेजार : फ्रान्स-जर्मनी एकत्रीकरणामागील संसदीय संघर्ष

दरवर्षी ९ मे हा दिवस युरोपीय संघात ‘युरोप दिन’ म्हणून पाळला जातो. १९५० साली याच दिवशी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शूमन यांनी फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांचे कोळसा व पोलाद उत्पादन एका सामाईक यंत्रणेखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीला तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. १८७० पासून या दोन देशांमध्ये तीन मोठी युद्धे झाली होती आणि आल्सास-लॉरेनच्या सीमाप्रदेशाचे स्वामित्व तेवढ्या अवधीत चार वेळा बदलले होते.

या इतिहासाचे वर्णन करताना सर्वसाधारणपणे काही दूरदर्शी नेत्यांचा उल्लेख होतो. युद्धाला कंटाळलेल्या जनतेने त्यांना साथ दिली आणि वैर संपले, असे चित्र त्यातून उभे राहते. त्या काळातील संसदीय कामकाज पाहिल्यास मात्र वेगळे चित्र दिसते. कोळसा-पोलाद करार, सामाईक सैन्याची योजना, सार प्रदेशाचे भवितव्य, रोमचा करार आणि १९६३ चा मैत्री करार या प्रत्येक टप्प्यावर दोन्ही देशांत कडवा विरोध झाला. काही प्रस्ताव मोडीत निघाले, तर काहींमध्ये मोठे बदल करावे लागले. आज युरोपीय संघाच्या रचनेत दिसणाऱ्या अनेक तरतुदींचा उगम या विरोधकांच्या आक्षेपांमध्ये आहे.

एका मताचा चॅन्सेलर

पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर कोनराड आडेनावर यांची निवड १५ सप्टेंबर १९४९ रोजी झाली. ४०२ सदस्यांच्या बुंडेस्टागमध्ये त्यांना २०२ मते मिळाली. निवडीसाठी नेमकी तेवढीच मते आवश्यक होती. कोलोन शहराचे महापौर असताना नाझींनी त्यांना १९३३ मध्ये पदच्युत केले होते. नवे राष्ट्र पाश्चात्त्य देशांशी जोडले गेले तरच त्याला सार्वभौमत्व परत मिळेल, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी फ्रान्सशी समेट अपरिहार्य होता.

त्यांच्यासमोर विरोधी बाकांवर सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते कुर्ट शूमाखर होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी एक हात गमावला होता, नाझी राजवटीतील सुमारे दहा वर्षे छळछावण्यांमध्ये काढली होती आणि १९४८ मध्ये त्यांचा एक पाय कापावा लागला होता. त्यांच्या देशभक्तीविषयी किंवा लोकशाहीनिष्ठेविषयी शंका घेण्यास कोणालाही जागा नव्हती. शूमाखर युरोपीय सहकार्याच्या विरोधात नव्हते. मात्र जर्मनीला समान दर्जा मिळाल्याखेरीज असे सहकार्य स्वीकारणे म्हणजे पराभूतावरील निर्बंधांना संमती देणे होय आणि त्यातून देशाची फाळणी कायमची होईल, असा त्यांचा आक्षेप होता.

या दोन भूमिकांची पहिली मोठी चकमक नोव्हेंबर १९४९ मध्ये झाली. रूर खोऱ्यातील कोळसा आणि पोलाद यांच्या वाटपावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्राधिकरणात सामील होण्यास आडेनावर यांनी पीटर्सबर्ग कराराद्वारे मान्यता दिली. त्या बदल्यात विजेत्या राष्ट्रांनी जर्मन कारखाने मोडून टाकण्याची मोहीम आवरती घेतली. २४ नोव्हेंबरला सुरू झालेली चर्चा मध्यरात्रीनंतरही चालू राहिली. त्या ओघात शूमाखर यांनी आडेनावर यांना उद्देशून ‘दोस्त राष्ट्रांचा चॅन्सेलर’ असे उद्गार काढले. सभागृहात गोंधळ उडाला आणि विरोधी पक्षनेत्याला सभागृहाच्या वीस बैठकांसाठी निलंबित करण्यात आले. पुढे दोघांमध्ये समेट झाल्यावर ही कारवाई मुदतीपूर्वीच मागे घेण्यात आली.

या वादात कामगार संघटनांनी मात्र सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची साथ दिली नाही. कारखाने वाचत असतील तर रूर प्राधिकरणातील सहभाग मान्य करावा, अशी महासंघाचे अध्यक्ष हान्स बॉक्लर यांची भूमिका होती. पक्ष आणि संघटना यांच्यातील हा मतभेद पुढील काही वर्षांत निर्णायक ठरला.

कोळसा, पोलाद आणि परस्परांचे संशय

१९५० च्या वसंत ऋतूत फ्रान्ससमोर पेच होता. जर्मन पोलाद उत्पादनावर वार्षिक १ कोटी ११ लाख टनांची मर्यादा होती. ती शिथिल करावी, असा अमेरिका आणि ब्रिटनचा कल होता. फ्रान्सच्या पुनर्बांधणीची योजना रूरच्या कोळशावर अवलंबून होती. निर्बंध कायम ठेवणे शक्य नाही आणि ते उठवणे धोक्याचे आहे, अशा स्थितीत नियोजन आयुक्त जाँ मोने यांनी तिसरा मार्ग सुचवला. निर्बंध केवळ जर्मनीवर न ठेवता दोन्ही देशांनी या उद्योगांवरील अधिकार एका स्वतंत्र उच्च प्राधिकरणाकडे सोपवावेत आणि इतर देशांनाही त्यात येण्याची मुभा असावी, असा तो प्रस्ताव होता. युद्धसामग्रीचा मूळ पायाच सामाईक झाल्यास परस्परांविरुद्ध युद्ध करणे प्रत्यक्षातही अशक्य होईल, असा त्यामागील विचार होता.

हा प्रस्ताव राजकीय जबाबदारीसह मांडणारे शूमन स्वतः सीमाप्रदेशाचे प्रतिनिधी होते. लक्झेंबर्गमध्ये जन्मलेले, जर्मन विद्यापीठांमध्ये शिकलेले आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत जर्मन नागरिक असलेले शूमन लॉरेन फ्रान्सकडे परतल्यावर फ्रेंच संसदेत पोहोचले होते.

फ्रान्समध्ये या योजनेला दोन परस्परविरोधी गोटांतून विरोध झाला. कम्युनिस्टांना तीत अमेरिकेच्या नेतृत्वाखालील आघाडी दिसली, तर जनरल द गॉल यांच्या अनुयायांना राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचा ऱ्हास दिसला. फ्रेंच पोलाद कारखानदारही साशंक होते. जर्मनीत शूमाखर यांनी सहा देशांच्या या युरोपावर पुराणमतवाद, चर्चचे वर्चस्व, भांडवलशाही आणि उद्योगपतींची मक्तेदारी यांचा ठपका ठेवला. ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या सरकारने सहभाग नाकारला. जून १९५० मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये यावर झालेल्या चर्चेत एडवर्ड हीथ या नवख्या हुजूरपक्षीय सदस्याने आपल्या पहिल्याच भाषणात सहभागाचा पुरस्कार केला. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात दाखल झाले, तेव्हा तेच हीथ पंतप्रधान होते.

वाटाघाटींमध्ये सर्वांत महत्त्वाचा बदल लहान देशांच्या आग्रहामुळे झाला. कोणालाही उत्तरदायी नसलेले उच्च प्राधिकरण आपल्या उद्योगांचे भवितव्य ठरवील, ही कल्पना नेदरलँड्स आणि बेल्जियम यांना मान्य नव्हती. त्यातून राष्ट्रीय सरकारांच्या प्रतिनिधींची मंत्रिपरिषद निर्माण झाली. प्राधिकरणावर लोकशाही नियंत्रण हवे, या मागणीतून राष्ट्रीय संसदांमधून पाठवलेल्या ७८ सदस्यांची सभा आणि वादांच्या निवाड्यासाठी न्यायालय यांची तरतूद झाली. दोन-तृतीयांश बहुमताने प्राधिकरणाला पायउतार करण्याचा अधिकार या सभेला देण्यात आला. युरोपीय आयोग, मंत्रिपरिषद, संसद आणि न्यायालय ही आजची चौकट या तडजोडीतून आली आहे.

१८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसमध्ये सहा देशांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या. ११ जानेवारी १९५२ रोजी बुंडेस्टागने तो २३२ विरुद्ध १४३ मतांनी संमत केला. सोशल डेमोक्रॅट सदस्यांनी विरोधात मतदान केले. पण नव्या सभेवर बहिष्कार न घालता ते तिच्या कामकाजात सहभागी झाले. जून १९५३ पासून या सभेत सदस्यांचे गट देशानुसार न पडता राजकीय पक्षानुसार औपचारिकपणे मान्य होऊ लागले. जर्मन समाजवादी फ्रेंच समाजवाद्यांसमवेत एका गटात काम करू लागले.

सैन्याच्या प्रश्नावर मोडलेला करार

जून १९५० मध्ये कोरियात युद्ध भडकल्यानंतर जर्मनीला पुन्हा सशस्त्र करण्याचा आग्रह अमेरिकेने धरला. स्वतंत्र जर्मन सैन्य टाळण्यासाठी फ्रान्सचे पंतप्रधान रने प्लेव्हाँ यांनी ऑक्टोबर १९५० मध्ये सामाईक युरोपीय सैन्याची योजना मांडली. तीनुसार युरोपीय संरक्षण समुदायाच्या करारावर २७ मे १९५२ रोजी सहा देशांनी स्वाक्षऱ्या केल्या.

जर्मनीत या प्रश्नावर रस्त्यांपासून न्यायालयापर्यंत संघर्ष झाला. युद्धात सर्वस्व गमावलेल्या पिढीत ‘माझ्याशिवाय’ ही घोषणा लोकप्रिय झाली. पुन्हा सैन्य उभारायचे तर ते माझ्याशिवाय, असा तिचा अर्थ होता. सोशल डेमोक्रॅट पक्षाने कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयात धाव घेतली. तरीही बुंडेस्टागने मार्च १९५३ मध्ये कराराला मान्यता दिली.

फ्रान्समध्ये मात्र एकामागून एक सरकारांनी करार संसदेपुढे आणण्याचे टाळले. या काळात देशात जो वैचारिक वाद पेटला, तेवढा मोठा वाद ड्रेफस प्रकरणानंतर झाला नव्हता, असे विचारवंत रेमाँ आराँ यांनी नमूद केले आहे. वादाची रेषा पक्षांच्या मधून जात नव्हती, पक्षांच्या आतून जात होती. जर्मन सैनिक नकोच म्हणणारे, फ्रेंच सैन्य विसर्जित होण्यास विरोध असणारे आणि ब्रिटनशिवाय जर्मनीसोबत एका व्यवस्थेत राहणे धोक्याचे मानणारे असे तिन्ही प्रवाह एकत्र आले. त्यातच मे १९५४ मध्ये दिएन बिएन फू येथे फ्रेंच सैन्याचा पराभव झाला.

३० ऑगस्ट १९५४ रोजी पंतप्रधान पिएर मेंदेस-फ्रान्स यांनी करार नॅशनल असेंब्लीपुढे ठेवला. पण त्यासाठी सरकारचे भवितव्य पणाला लावले नाही. वयोवृद्ध नेते एद्वार एरियो यांनी आपल्या जागेवर बसूनच विरोधी भाषण केले. कराराच्या गुणदोषांवर मतदान होण्यापूर्वीच चर्चा थांबवण्याचा कार्यपद्धतीविषयक ठराव ३१९ विरुद्ध २६४ मतांनी संमत झाला आणि करार बाद झाला. समाजवादी पक्षाच्या सदस्यांची जवळजवळ निम्मी-निम्मी विभागणी झाली होती. निकालानंतर विरोधकांनी सभागृहात राष्ट्रगीत गायले.

आडेनावर यांच्यासाठी हा मोठा धक्का होता. मात्र फ्रेंच विरोधकांचे आक्षेप पुढील व्यवस्थेत विचारात घेतले गेले. ऑक्टोबर १९५४ च्या पॅरिस करारांनुसार पश्चिम जर्मनीला नाटोचे सदस्यत्व मिळाले; पण त्याच वेळी ब्रिटनने युरोपच्या मुख्य भूमीवर सैन्य ठेवण्याची हमी दिली आणि जर्मनीने आपल्या भूमीवर अण्वस्त्रे, जैविक व रासायनिक शस्त्रे निर्माण न करण्याचे वचन दिले. जर्मन सैन्याची उभारणी झाली तेव्हा विरोधकांच्या आग्रहाने त्यावर संसदेचे कडक नियंत्रण ठेवण्यात आले. १९५६ च्या घटनादुरुस्तीने निर्माण झालेले सशस्त्र दलांसाठीच्या संसदीय आयुक्ताचे पद आजही अस्तित्वात आहे.

सारच्या मतदारांचा नकार

दोन्ही देशांमधील सर्वांत नाजूक प्रश्न सारचा होता. सुमारे दहा लाख लोकसंख्येचा हा कोळशाने समृद्ध जर्मनभाषक प्रदेश १९४७ पासून आर्थिकदृष्ट्या फ्रान्सशी जोडलेला होता. तेथे योहानेस होफमान यांचे स्वतंत्र सरकार होते. जर्मनीत विलीन होण्याचा पुरस्कार करणाऱ्या पक्षांवर बंदी होती. सारचे विभक्तपण मान्य करून युरोप उभा राहणार असेल तर तो अन्यायावर उभा राहील, असा आक्षेप जर्मन विरोधकांनी सातत्याने घेतला होता.

पॅरिस करारांच्या वेळी आडेनावर आणि मेंदेस-फ्रान्स यांनी यावर ‘युरोपीय दर्जा’ हा तोडगा काढला. सार कोणत्याच देशाचा भाग न राहता युरोपीय देखरेखीखाली राहील आणि अंतिम निर्णय तेथील जनता सार्वमताने देईल, असे ठरले. सार्वमतापूर्वी तीन महिने सर्व पक्षांना मुक्त प्रचाराची परवानगी देण्यात आली. दडपलेला असंतोष या काळात उफाळून आला. एकाच कुटुंबातील माणसे दोन बाजूंना विभागली गेली. खुद्द आडेनावर यांनी सप्टेंबर १९५५ मध्ये सारच्या जनतेला प्रस्तावाच्या बाजूने कौल देण्याचे आवाहन केले.

२३ ऑक्टोबर १९५५ रोजी ६७.७ टक्के मतदारांनी हा प्रस्ताव फेटाळला. मतदारांपुढील प्रश्न केवळ युरोपीय दर्जा हवा की नको एवढाच होता. परंतु त्या नकाराचा अर्थ जर्मनीत परतण्याची इच्छा असाच दोन्ही राजधान्यांनी घेतला. होफमान यांनी राजीनामा दिला. युद्धानंतर अवघ्या दहा वर्षांत फ्रान्सने हा कौल मान्य केला. १ जानेवारी १९५७ रोजी सार पश्चिम जर्मनीचे राज्य झाले. बदल्यात फ्रान्सला कोळशाचा पुरवठा आणि लॉरेनच्या पोलाद उद्योगासाठी मोझेल नदीत मोठ्या जहाजांचा जलमार्ग मिळाला. या जलमार्गाचे उद्‌घाटन १९६४ मध्ये झाले. दोन्ही सरकारांनी सहीशिक्का केलेला तोडगा मतदारांनी नाकारला आणि त्यामुळेच दोन देशांमधील शेवटचा प्रादेशिक वाद मिटला.

विरोधकांचे मतपरिवर्तन

सारचा प्रश्न सुटल्याने जर्मन विरोधकांचा मुख्य आक्षेप दूर झाला. कोळसा-पोलाद समुदायात कामगारांचे नुकसान होईल, ही भीतीही खरी ठरली नव्हती. मोने यांनी ऑक्टोबर १९५५ मध्ये स्थापन केलेल्या कृती समितीत सहा देशांतील राजकीय पक्ष आणि कामगार संघटना यांना स्थान होते. शूमाखर यांच्यानंतर पक्षाची धुरा सांभाळणारे एरिख ओलेनहावर आणि हर्बर्ट व्हेनर या समितीत सहभागी झाले. जुलै १९५७ मध्ये रोम करारावर मतदान झाले, तेव्हा १९५२ मध्ये विरोध करणाऱ्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने समर्थन दिले.

फ्रान्समध्ये शंका कायम होत्या. सामाजिक सुविधांचा खर्च अधिक असल्याने फ्रेंच उद्योग स्पर्धेत टिकणार नाही, असा इशारा मेंदेस-फ्रान्स यांनी जानेवारी १९५७ मधील भाषणात दिला. अशा आक्षेपांमुळे फ्रेंच प्रतिनिधींनी वाटाघाटींमध्ये कठोर भूमिका घेतली. स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन देण्याचे कलम ११९ हे त्याचे फलित होय. समान वेतनाचा कायदा असलेल्या फ्रान्सला इतर देशांतील स्वस्त स्त्रीश्रमाची स्पर्धा नको होती. स्पर्धेच्या भीतीतून आलेल्या या कलमाच्या आधारे १९७६ मध्ये बेल्जियममधील एका हवाई सुंदरीने युरोपीय न्यायालयात खटला जिंकला आणि हे कलम स्त्रियांच्या हक्कांचा आधार बनले. जुलै १९५७ मध्ये नॅशनल असेंब्लीने रोम करार ३४२ विरुद्ध २३९ मतांनी स्वीकारला. पुढील वर्षी सत्तेवर आलेल्या द गॉल यांनी पूर्वीचा विरोध बाजूला ठेवून त्याची अंमलबजावणी केली.

एलिझे करार आणि त्याची प्रस्तावना

२२ जानेवारी १९६३ रोजी द गॉल आणि आडेनावर यांनी पॅरिसमधील एलिझे प्रासादात मैत्री करारावर स्वाक्षऱ्या केल्या. नेत्यांच्या नियमित भेटी, परराष्ट्र व संरक्षण धोरणावर सल्लामसलत आणि युवकांची देवाणघेवाण या त्यातील मुख्य तरतुदी होत्या. मात्र आठवडाभर आधीच द गॉल यांनी ब्रिटनच्या युरोपीय समुदायातील प्रवेशाला नकार दिला होता. अमेरिकेपासून दूर जाण्याची ही सुरुवात तर नव्हे, अशी शंका बॉनमध्ये निर्माण झाली. ती आडेनावर यांच्या स्वतःच्या पक्षातही होती.

१६ मे १९६३ रोजी बुंडेस्टागने कराराला मान्यता देताना संमती कायद्याला एक प्रस्तावना जोडली. अमेरिकेशी घनिष्ठ संबंध, नाटोमधील संरक्षण आणि ब्रिटनचा युरोपीय समुदायातील प्रवेश यांविषयीची बांधिलकी तीत नमूद करण्यात आली. कराराचा हेतूच यामुळे पातळ झाला, असे वाटून द गॉल नाराज झाले. संरक्षण आणि परराष्ट्र धोरणातील कलमांचा प्रभाव त्यानंतर मर्यादित राहिला.

ज्या तरतुदींवर फारसा वाद झाला नाही, त्या मात्र रुजल्या. जुलै १९६३ मध्ये स्थापन झालेल्या फ्रँको-जर्मन युवक कार्यालयामार्फत आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुणांनी देवाणघेवाणीच्या उपक्रमांत भाग घेतला आहे. दोन्ही देशांतील दोन हजारांहून अधिक शहरे आणि गावे परस्परांशी भगिनी-शहरांच्या नात्याने जोडली गेली आहेत. २००६ मध्ये दोन्ही देशांतील शाळांसाठी इतिहासाच्या सामाईक पाठ्यपुस्तकाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला.

वाद आजही सुरूच

एलिझे कराराच्या ५६ व्या वर्धापनदिनी, २२ जानेवारी २०१९ रोजी, आखेन येथे नव्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. त्या वेळी आल्सास जर्मनीच्या हवाली केला जाणार असल्याच्या अफवा फ्रान्समध्ये पसरल्या आणि सरकारला त्यांचे जाहीर खंडन करावे लागले. सत्तर वर्षांनंतरही जुन्या सीमेचा उल्लेख संवेदनशील असल्याचे त्यातून दिसले. त्याच वर्षी मार्चमध्ये दोन्ही संसदांचे प्रत्येकी ५० सदस्य असलेल्या फ्रँको-जर्मन संसदीय सभेची पहिली बैठक पॅरिसमध्ये झाली. १९४९ मध्ये एका देशाच्या सभागृहात विरोधी नेत्याच्या निलंबनापर्यंत गेलेल्या वादासाठी आता दोन्ही देशांचे लोकप्रतिनिधी एकाच सभागृहात बसतात.

ठळक टप्पे

नोव्हेंबर १९४९ : पीटर्सबर्ग करार, बुंडेस्टागमध्ये शूमाखर यांचे निलंबन
९ मे १९५० : शूमन यांचा कोळसा-पोलाद प्रस्ताव
१८ एप्रिल १९५१ : पॅरिसमध्ये सहा देशांच्या स्वाक्षऱ्या
२३ जुलै १९५२ : कोळसा व पोलाद समुदायाचा करार अमलात
३० ऑगस्ट १९५४ : संरक्षण समुदायाचा करार फ्रेंच संसदेत बाद
२३ ऑक्टोबर १९५५ : सारमधील सार्वमत
२५ मार्च १९५७ : रोम करार
२२ जानेवारी १९६३ : एलिझे करार
२३ जुलै २००२ : पन्नास वर्षांची मुदत संपून कोळसा व पोलाद समुदाय समाप्त
२२ जानेवारी २०१९ : आखेन करार